अक्कांचा मोडका अंगठा

चाळीस वर्षं मी माणसांच्या पाठी, माना, पोटऱ्या चाचपल्या. हाताला स्नायू लागले, हाडं लागली, गाठी लागल्या... त्यापलीकडे कधी काही लागलं नाही. अंगात येतं म्हणून आणलेल्या बाईची मानसुद्धा मी आखडलेली मान म्हणूनच तपासली. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात माझ्यासारख्याने लिहावं हे मलाच विचित्र वाटतंय. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि या अनुभवाशिवाय ती सांगता येत नाही.

मी निवृत्त फिजिओथेरपिस्ट. वय एकाहत्तर, मुक्काम जळगाव. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी परदेशात. शिकवणं तेवढं सुरू आहे. लकवा, अपघात, ऑपरेशन यांनंतर पेशंटला पुन्हा उभं करणाऱ्या तरुण फिजिओंना आखडलेले स्नायू हाताने कसे सोडवायचे ते मी शिकवतो. आमच्याकडे याला ‘सरांची पद्धत’ म्हणतात. दुखऱ्या जागी तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा, अंगठा आडवा दुमडून बाजूला टेकवायचा आणि थांबायचं. दाबायचं नाही. आतून सैल पडलं की आपला हात तिथेच ठेवून पेशंटचा हात किंवा पाय हलवायचा. अंगठा आडवा का, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, सांध्यावर ताण येत नाही म्हणून.

ते खोटं आहे. तो अंगठा दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातल्या अक्कांचा. लहानपणी कडबा कापताना मोडला आणि वाकडाच जुळला. कापूस वेचून खरखरीत झालेल्या हातांनी त्या गावातल्या लोकांच्या माना, पाय सोडवायच्या. मी तेव्हा धुळ्यात एका हॉस्पिटलात नोकरीला होतो. एका पेशंटकडून कळलं म्हणून बघायला गेलो आणि मग दोन वर्षं दर रविवारी जात राहिलो.

मी घाईने दाबायला लागलो की त्या अहिराणीत म्हणायच्या, “पाय शे हाऊ, उस नही. रस काढाना शे का तुले? हात ठेव, उगा बस.”

त्यांचं मी सगळं उचललं. मोडका अंगठासुद्धा, कारण तो तसा ठेवला तरच माझा हात त्यांच्यासारखा चालायचा.

एकदा एका ट्रक ड्रायव्हरचा खांदा मला काही केल्या सुटेना. मी अक्कांना धुळ्याला बोलावलं. त्या एसटीने आल्या. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या, तेवढ्यात आमचे मोठे डॉक्टर आत आले.

“या कोण?”

“पेशंटच्या घरच्या आहेत,” मी म्हणालो.

अक्कांनी हात काढून घेतला. पदर सारखा केला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, स्टँडवर सोडतो.

“ऱ्हाऊ दे भो. तू तुनं काम कर.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पुन्हा त्या गावी गेलो नाही. त्या वारल्याचं मला वर्षभराने कळलं, तेही असंच कुणाच्या तरी बोलण्यातून.

आता मूळ अनुभव. गेल्या उन्हाळ्यात जळगावात आमचं तीन दिवसांचं शिबिर होतं. जळगाव, धुळे, जामनेरकडची अठरा मुलं-मुली. दुसऱ्या दिवशी दुपारी वरण-बट्टी खाऊन सगळे सुस्तावले होते. शिबिर भरवणारी मृणाल माझीच जुनी विद्यार्थिनी. ती पद्धतीवर एक पुस्तिका काढत होती.

“सर, पहिलं पान कोरं आहे. ही पद्धत तुम्हाला कशी सुचली, चार ओळी द्या. संध्याकाळी छापायला जातंय.”

“देतो.”

“तीन आठवडे ‘देतो’ ऐकतेय.”

“बट्टी तरी पचू दे गं.”

त्या दुपारी पेशंट म्हणून मीच टेबलावर पालथा झोपलो. माझा उजवा खांदा दोन वर्षं धरलेला होता, हात कानापर्यंतही जात नव्हता. स्वतःच्या खांद्यावर स्वतः उपचार करता येत नाहीत, आणि कुणाला सांगायचा संकोच. खरं तर पत्नी गेल्यापासून न्हावी सोडला तर माझ्या अंगाला कुणाचाच हात लागला नव्हता.

“सर, शेजारच्या खोलीत यांना एक्स-रे दाखवून आणते. पाचच मिनिटं,” मृणाल म्हणाली. टेबलाला तोंडासाठी भोक असतं, त्यातून मला फक्त फरशी दिसत होती. थोड्या वेळाने खांद्यावर हात ठेवला गेला. अंगठा आडवा. मला वाटलं, एखादी मुलगी आधी परत आली. हात नुसताच थांबला. एवढं थांबायला या मुलांना जमत नाही, म्हणून मी म्हटलं, “छान... कोण आहे?” उत्तर नाही. तो हात खरखरीत होता, बनियनचे धागे त्यात अडकत होते. दुसऱ्या हाताने माझा दंड धरला आणि सावकाश वर नेला. दुखलं नाही. “हो... तिथेच,” मी म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं, की भोकातून दिसणाऱ्या फरशीवर कुणाचे पाय नाहीत. कुणी इतकं जवळ उभं असलं की बूट दिसतात. आणि भिंतीपलीकडून सगळ्या वर्गाचा हसण्याचा आवाज येत होता.

मला भीती वाटली नाही. तो हात जाऊ नये, एवढंच वाटत होतं.

“सर, झोपलात?” मृणाल दारातून म्हणाली, आणि लगेच, “अहो सर, हात बघा तुमचा!” हात कानाला टेकून वर गेला होता.

गैरहजर मुलांसाठी मोबाईल स्टँडवर चालूच होता. ते चित्रीकरण मी पुष्कळदा बघितलंय. खोलीत मी एकटा. माझा हात सावकाश वर जातो. मी ‘तिथेच’ म्हणतो.

सगळे जागेवर बसल्यावर मी फळ्यापाशी गेलो आणि म्हणालो, ही पद्धत मला सुचलेली नाही. अक्कांबद्दल सांगितलं. धुळ्याला काय बोललो तेही सांगितलं.

मग मृणालने वही उघडली. “पहिल्या पानावर घेऊ, सर. पूर्ण नाव काय त्यांचं?”

मी खडू घेऊन उभा राहिलो. मला माहीत नव्हतं. दोन वर्षं त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, पण नाव कधी विचारलं नव्हतं.

“छपाई थांबव,” एवढंच म्हणालो.

पुढच्या रविवारी गावी गेलो. घर सापडलं. त्यांची सून आता साठीची आहे. तिने नाव सांगितलं: सोजाबाई दगडू पाटील. मी ते तिच्यासमोर लिहून घेतलं. तिने पाणी दिलं आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “आबा, धुळाना डॉक्टर ते तुम्हीच का? मन्ही सासू बठ्ठा गावले सांगे, धुळाना एक डॉक्टर मन्हाकडे शिकना. त्याना हात भलता गुणी शे, सांगे.”

“कधीपर्यंत सांगायच्या?”

“मरेपर्यंत.”

मग मला तिथे बसवेना.

पुस्तिका सोजाबाईंच्या नावाने निघाली. टेबलावर त्या दुपारी काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या एका डॉक्टर मित्राच्या मते मला डुलकी लागली, अंग सैल पडलं आणि हात वर गेला. असेलही. पण दोन वर्षं मी रोजच झोपत होतो... एकाही सकाळी हात वर गेलेला नव्हता.