गाळपेरीतला गोल लव्हाळा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांवर संशय घ्यायच्या. राजूरच्या गणपतीला नारळ वाहिला, की परत आलेलं अर्धं आपल्याच नारळाचं आहे का, हे त्या उन्हात धरून बघायच्या. मी तर सूनच. पहिली दोन वर्षं मला फार राग यायचा, मग मीही त्यांच्यावर डोळा ठेवायला शिकले.

त्यांच्या स्वतःच्या नावावर एकच गोष्ट होती, तलावातली गाळपेर. दिवाळीनंतर पाणी उतरलं की तलावाच्या पोटातली जी जमीन उघडी पडते, ती वर्षापुरती पेरायला मिळायची. आत्याबाईंच्या वाट्याला खारवट कोपरा आला होता, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. त्यात त्या करडई घेत आणि घरात वर्षभर त्याच तेलाची फोडणी पडे. बाकीचं शेत सासऱ्यांच्या माघारी मुलांच्या नावावर चढलं होतं. तो कोपरा मात्र त्यांचा होता आणि त्यावरून त्या कुणाशीही भांडायला तयार असत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पाणी नुकतंच उतरलं होतं. शहरातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आमच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसलेल्या दिसल्या. त्या गवत बघत होत्या. साधं गवत नव्हे, लव्हाळा! ज्याच्या गाठी खुरप्यानं उकरून उकरून आमची कंबर मोडायची, तो लव्हाळा त्या भिंगातून बघत होत्या. तिथंच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बाईंनी नावं विचारली. आत्याबाईंनी बेधडक खोटं नाव सांगितलं, माझंही खोटंच सांगितलं. मग बाई समजावू लागल्या, "मावशी, हा तुमचा नेहमीचा लव्हाळा नाही. ही दांडी बोटांत फिरवून बघा. नेहमीच्याला तीन कडा लागतात, हा गोल आहे. समुद्राच्या खाडीकाठी उगवतो आणि तिथंही आता संपत चाललाय. दुर्मीळ म्हणून नोंद आहे त्याची. इतक्या आत, मराठवाड्यात, कुणाला सापडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही."

"मंग आता काय करनार?" आत्याबाईंनी विचारलं.

बाईंनी लपवलं नाही. "वनखात्याच्या साहेबांना दाखवणार. त्यांना पटलं तर हा तुकडा राखीव होईल. मग पेरणी, गुरं, सगळं बंद करावं लागेल."

त्यांनी चार खुंट्या ठोकल्या, दोरीनं चौकोन आखला आणि साहेबांना घेऊन येते म्हणून गेल्या. खुंटी आणि दोरी म्हणजे मोजणी, आणि मोजणी म्हणजे जमीन गेली, एवढं आमच्याकडं कुणालाही कळतं. घरी येऊन चुलीपुढं बसल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "समुद्राचं गवत हितं चालत आल्तं का? बिलकुल न्हाई. हिनंच आणून लावलं आसंल. आधी लावायचं, मंग सापडलं म्हणायचं, मंग जमीन घ्यायची."

मला ते शंभर टक्के पटलं. आजही लिहिताना वाटतं, त्यात काय चूक होतं?

साहेब येणार त्या दिवशी आत्याबाई पहाटे डबा घेऊन परसाकडं गेल्या, त्या लवकर येईनात. कुठंतरी पाणी मुरतंय म्हणून मी मागोमाग गेले. बघते तर चारही खुंट्या उपटून त्या वीसेक पावलं पलीकडं, साध्या लव्हाळ्यात ठोकत होत्या. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

"बघून काय राह्यली? ती दोरी ताणून धर की!"

मी धरली.

दुपारी जीप आली. साहेबांनी चौकोनात डोकावून विचारलं, "हेच का ते?" बाई खाली बसल्या. एक दांडी तोडून बोटांत फिरवली. आणि मग मान वर करून सरळ आमच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं आत्याबाई लुगडं खोचून, पाय फाकवून उभ्या होत्या आणि त्यांच्या घोट्यांभोवती तो गोल लव्हाळा चांगला हातभर उभा होता. आंधळ्यालाही दिसला असता. माझी तर पाचावर धारण बसली.

"नाही," बाई म्हणाल्या. "माझी चूक झाली असेल, सर."

साहेब चिडचिड करत जीपकडं गेले. बाईंनी खुंट्या उपटल्या, दोरी गुंडाळली आणि आत्याबाईंजवळ येऊन हळूच विचारलं, "काय पेरणार, मावशी?"

"करडई."

"पेरा. फक्त वरवर वखर मारा, खोल नांगर घालू नका."

बाई परत कधी आल्या नाहीत. "गोड बोलून गेली, कायतरी डाव हाय," असं आत्याबाई कितीतरी दिवस म्हणत राहिल्या. पण त्या वर्षी त्यांनी वखरच मारला. पुढच्या वर्षीही. माझ्या नवऱ्यानं एकदा भाड्याचा ट्रॅक्टर आणला, तर त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "करडईला नांगर लागत न्हाई." त्या कारणावर माझा कधीच विश्वास बसला नाही. करडईच्या काट्यांमुळं गुरं आत शिरत नसत आणि ओळींमधून दर वर्षी गोल लव्हाळा उभा राही.

पुढं त्यांची नजर गेली. पाणी उतरलं की खाटेवरून विचारायच्या, "आला का गं?" काय ते दोघींना माहीत होतं. मी "आला" म्हणायची, आणि खरंच आलेला असायचा.

मग सलग दोन वर्षं तलाव भरलाच नाही. कोपऱ्यात भेगा पडल्या. तरी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "आला."

त्यांनी हात पुढं केला. "दाव."

मी मोरीच्या पाण्यावर वाढलेला लव्हाळा तोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी दांडी बोटांत एकदाच फिरवली.

"ह्याला कडा हायेत," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. ती दांडी त्यांनी उशाशी ठेवली. मग म्हणाल्या, "त्या बाईला कळवाया पायजे."

मला रडू आलं. कळवायचं कुणाला? बाईंचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं. आणि त्यांच्याकडं आमची जी दोन नावं होती, ती खोटी होती.