दुसरी किल्ली

मी राजूर सोडलं त्या सकाळी आईने घराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजारच्या हिरामावशीच्या हातात दिली. "याला येष्टीत बशिवते आन् येते गं," म्हणाली. स्टँड दोन गल्ल्यांवर, तरी किल्ली मावशीकडे द्यायची रीतच होती. गाडी हलली तेव्हा आई रडली नाही. "टायमाला जेवत जा," एवढंच म्हणाली.

नगरला एमआयडीसीत अकाउंट्सची नोकरी, लग्न, मग केडगावात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. इथलं दार ओढलं की लॅच आपोआप लागतं. सुरुवातीला बाहेर पडताना मी खिसा तीनतीनदा चाचपायचो. अजूनही चाचपतो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून आले, त्यांना हे सांगायला नको.

वडील गेल्यावर आई राजूरला एकटी राहू लागली आणि माझी काळजी वाढली. मी तिच्या दारालाही लॅच बसवलं. एक किल्ली तिला दिली. दुसरी हरवू नये म्हणून केडगावला आणून माझ्या कपाटात ठेवली.

दिवाळीत पुण्याहून आलेल्या मुलीने, मृणालने, माझ्या मोबाईलवर एक गेम टाकून दिला. "पप्पा, यात मारामारी नाही. हिशोबी माणसाचा गेम आहे," म्हणाली. डोंगरावरचं एक रिकामं घर. एकट्यानेच खेळायचं. एका खोलीतल्या वस्तूंवरून कोडं सोडवायचं, की पुढची खोली उघडते. घरातली बाई कुठे गेली ते शोधायचं. चुलीवर तिचा चहा तसाच. विचारायला कुणी नाही, हाक मारायची सोय नाही. मला ते आवडलंही आणि सोसवेनाही. शेवटच्या बंद दारापाशी मी अडकलो. आत काहीतरी वाजत होतं आणि दार उघडत नव्हतं. मृणालला फोन केला तर म्हणाली, "मी सांगितलं तर मजा काय?" मला मजा नको होती. ती बाई सुखरूप हवी होती.

अशातच एका रविवारी सकाळी आईने फोन उचलला नाही. पुन्हा लावला. रिंग पूर्ण वाजून बंद. गावातल्या चुलतभावाचा फोन लागेना, डोंगरात रेंजचं हे असंच. माझ्या मोबाईलमध्ये प्लंबरपासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांचे नंबर आहेत, हिरामावशीचा नव्हता. ती कायम आईच्या शेजारीच असायची, तिचा वेगळा नंबर कशाला लागणार?

कपाटातली किल्ली घेतली आणि गाडी काढली. संगमनेर, अकोले, मग चढ. बायको शेजारी बसून फोन लावत होती. वाटभर मला राजूरचं घर त्या गेमसारखंच दिसत होतं: चुलीवर चहा, आत वाजणारा फोन. आईला न्यायचंच, आता ऐकायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

पोचलो तर दार बंद, आत फोन वाजत होता. घाईत मी किल्ली उलटीच भोकात घालू लागलो.

"आरं, तिकडं काय करतोस? हिकडं बसलीया मी!"

आई हिरामावशीच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. अंगण झाडायला बाहेर आली, वाऱ्याने दार आपटलं, लॅच लागलं, किल्ली आत आणि माझा नंबर असलेला फोनही आत. बस्स, एवढंच झालं होतं.

"दुसरी किल्ली कुटं हुती?" आईने विचारलं.

"माझ्याकडे. केडगावला."

"लई हुशार! दार राजुरात आन् किल्ली केडगावात."

"मला दिली आसती तर काय गिळली आसती व्हय?" मावशीने टोमणा मारला. बायको तोंडाला पदर लावून हसली. मला हसू येईना.

जेवताना मी विषय काढला. "आई, चल आता आमच्याबरोबर."

"येते की. मी कुटं न्हाई म्हन्ते?" तिने भाकरी मोडली. "पन मला येक सांग. तुमी दोगं भाईर गेलात आन् तितं माजं दार असंच आपटलं, तर मी कुनाच्या ओट्याव बसायचं?"

मी बायकोकडे पाहिलं. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं? जिन्यात मान हलवतो आम्ही एकमेकांना. आडनाव माहीत नाही.

निघताना माझ्याकडची किल्ली मावशीला दिली आणि तिचा नंबर घेतला. आई ओट्यावरूनच म्हणाली, "तिकडच्या ओट्याचं ठरलं की सांग. बोचकं बांदायला कितीसा येळ लागतो?"

गेममधलं ते शेवटचं दार मी अजून उघडलेलं नाही. त्या संध्याकाळी केडगावला पोचलो, आमच्या फ्लॅटची जादा किल्ली काढली आणि समोरच्या दारासमोर उभा राहिलो. लोक काय म्हणतील, किल्ली देणं धोक्याचं तर नाही ना, सगळं मनात येऊन गेलं. इतकी वर्षं या पत्त्याला मी घर म्हणतो आहे. आईला इथे आणता येईल की नाही, हे मात्र या दारावर ठरणार होतं.

बेल दाबली. आतून बाईचा आवाज आला, "कोण?"

"समोरचा," मी म्हणालो, आणि मग पहिल्यांदाच माझं नाव सांगितलं.