आत्याचं बटण

ऑफिसात तिला सगळे ‘काताई’ म्हणत. चहा थंड झाला तरी ती आधी ‘का?’ विचारायची आणि मग दुसरा मागायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी तिच्या कंपनीने बटणाची डबी बसवली होती. बटण दाबलं की डबी ऑफिसच्या संगणकाशी जोडली जायची, निरोप धाडायची आणि पडद्यावर त्या घराचा दिवा लागायचा.

जुना प्रोग्राम भलताच अडेलतट्टू होता. जोडणी झाली की निरोप येईपर्यंत तिथेच ठाण मांडायचा. एखादी लाइन मंद निघाली की मागची सगळी घरं ताटकळत. म्हणून काताईने सॉकेट, म्हणजे प्रोग्रामकडची जोडणीची टोकं, नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे वाट न अडवणारी केली. आता प्रोग्राम नुसतं विचारायचा आणि ‘सध्या काही नाही’ असं उत्तर आलं की पुढच्या घराकडे वळायचा. साहेब खूश झाले, काताईची कॉलर ताठ.

आणि नेमकं तिच्या आत्याचंच बटण मुकं झालं. हिला लहानाची मोठी करणारी आत्या, गुडघे धरलेले, सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटी.

“दाबतेय गं कधीची!” आत्या फोनवर वैतागली. “तुझं यंत्रच बहिरं आहे.”

“डबी बदलून टाका,” साहेब म्हणाले.

“पण असं का होतंय?” काताईने विचारलं.

आत्या घरात पडली आणि दिवा लागलाच नाही तर? काताईने आत्याला पुन्हा पुन्हा बटण दाबायला लावलं. दर वेळी जोडणी व्हायची आणि लगेच तुटायची. तोडत कोण होतं? तिचाच प्रोग्राम! इतर घरांचे निरोप जोडणीच्या पाठोपाठ यायचे. आत्याची लाइन रडतखडत चालायची, त्यामुळे पहिल्यांदा विचारलं की उत्तर यायचं, ‘सध्या काही नाही’. काताईने ते उत्तर चुकांमध्ये धरलं होतं. प्रोग्रामला वाटायचं लाइन मेली, आणि तो आत्याच्या तोंडावर दार लावून मोकळा व्हायचा.

तिने कपाळावर हात मारला. मग जोडणी उघडी ठेवायची, बाकीच्या घरांची चौकशी करून यायची आणि पुन्हा विचारायचं, एवढाच बदल केला.

“आत्या, दाब.”

दिवा लागला. काताई टाळ्या पिटत उठली. दिवा पुन्हा लागला. मग आणखी एकदा.

“पुरे गं, चालतंय ते!”

“ते कळलं मला,” आत्या म्हणाली. “पण बटण दाबलं की माणूस येतं, असं तूच सांगितलं होतंस. मग ये की.”

काताईला हसू आलं आणि डोळेही भरले. ‘बघते, येते’ म्हणत किती दिवस ती आत्याला टोलवत होती. साहेबांना सांगून ती तशीच निघाली.