न लावलेला निळा दिवा

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, आणि जिच्यापाशी सगळं ओकते त्या मैत्रिणीपाशीही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण – आणि तेही धड कारण नाही.

माझं काम असं की मशीनला हात लावावा लागत नाही. शुक्रवार पेठेतल्या घरी वरच्या खोलीत बसून मी लोकांचे सर्व्हर सांभाळते. कुणाचा पंढरपुरात, कुणाचा वेळापुरात, कुणाचा इथंच गावात. प्रत्येक मशीनच्या पोटात एक छोटं कार्ड असतं. मशीन बंद असली तरी ते जागं राहतं. त्यातून मला घरबसल्या कळतं, किती तापलीय, कुठला पंखा अडकलाय, कुठली डिस्क गेलीय. बंद-चालूही इथूनच होतं, एका बटणावर. लोकांना याचं लई कौतुक. मलाही होतं की.

चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात असे दोन सर्व्हर होते, एकावर एक ठेवलेले. ती खोली राजेशम अण्णा बघायचे. साठी उलटलेली, अर्धं आयुष्य मागावर गेलेलं. कारखान्यातल्या जुन्या नक्ष्या, चौकटीच्या कागदावर हातानं रंगवलेल्या, अण्णांनी तीन वर्षं बसून स्कॅन केल्या होत्या. चुरगळलेला एकेक कागद तळहातानं सपाट करायचा, मग काचेवर ठेवायचा. कागदांना वाळवी लागलेली, त्यामुळं काम झाल्यावर ते टाकूनच दिले. खंडेनवमीला अण्णा दोन्ही मशीनना झेंडूची माळ घालायचे. नावंही ठेवलेली – वरची थोरली, खालची धाकटी. नक्ष्या थोरलीत होत्या.

नियम एकच होता. लांबून मशीन बंद करायची तर आधी तिच्या तोंडावरचा निळा दिवा इथून लावायचा, तिथल्या माणसाला फोन करायचा, आणि दिवा कुठल्या मशीनला लागला ते त्याच्याकडून ऐकायचं. कारण माझ्या पडद्यावर दोन्हींची पानं सारखीच, वर बारीक अक्षरातलं नाव तेवढं वेगळं. हा नियम घातला कुणी? मीच.

आता त्या दुपारकडं येते. येते म्हणते आणि बघा, आधी दुसरंच सांगावंसं वाटतंय. महिनाभर आधी थोरली सारखी तापत होती. मी तिथं जाऊन मालकांना पंखे बदलायचं समजावत होते, लांबलचक. अण्णा म्हणाले, “मॅडम, पुढची जाळी तुंबलीय,” आणि फडक्यानं जाळी पुसली. तासाभरात ताप उतरला. मालक हसले, म्हणाले, खरे इंजिनीअर अण्णाच. मीही हसले. पण झोंबलं. एका फडक्यानं माझी शोभा झाली, असं मनात धरून बसले मी. किती कोती असावी एखादी बाई?

त्या दिवशी थोरलीत नवी डिस्क घातलेली होती आणि बाकीच्या डिस्कांवरून ती भरत होती. ते चालू असताना वीज जाऊन चालत नाही. धाकटीत नक्ष्यांची जी प्रत राहायची, ती मीच पुसून नव्यानं घ्यायला लावलेली, आणि धाकटी मध्येच अडकलेली. ती बंद करून चालू करायची, बस. अण्णांना फोन लावायचा होता. पण फोन केला की ते म्हणणार, “लागला की मॅडम. जेवलात का?” आणि मग दहा मिनिटं. मला त्या माणसाचा आवाजच नको होता. खरं सांगते, दुसरं काही कारण नव्हतं. दिवा न लावता मी बटण दाबलं.

पंख्यांचे आकडे शून्यावर आले आणि तेव्हा पानाच्या वरचं नाव वाचलं. थोरली. आधी का नाही वाचलं? पुन्हा चालू केली, उठली, पण डिस्क काही जुळेनात. चार दिवस झटले, पुण्याहून माणूस आणला. तीन वर्षांचं काम गेलं ते गेलं.

इथवर चूक होती. चूक कुणाकडूनही होते, असं म्हणून तुम्ही मला सोडाल. नका सोडू – कारण पुढचं मी शांत डोक्यानं केलं.

त्या कार्डात एक नोंदवही असते. दिवा कधी लागला, मशीन कधी बंद झाली, सगळं तिच्यात आपोआप लिहिलं जातं. मी ती पुसली. पुसल्याची तेवढी एक ओळ उरते, पण ती वाचणार कोण? वाचणारी मीच.

मालकांनी दोघांना बोलावलं. दिवा लावला होता का, असं मला विचारलं. मी म्हटलं, लावला होता, सकाळच्या फोनवर अण्णा ‘धाकटीला लागलाय’ म्हणाले. सकाळी फोन झालाच होता, पण एसी चालू आहे का ते विचारायला. अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

अण्णा म्हणाले, “मॅडम, तुमी एसीचं विचारलं की. दिव्याचं कुटं?”

मी त्यांच्याकडं बघत म्हटलं, “त्याच्यानंतर विचारलं, अण्णा. विसरलात तुम्ही.”

आवाज चढवला नाही मी. उलट मऊ ठेवला, आजारी माणसाशी बोलतात तसा. ते खाली बघून म्हणाले, “आसंल. मॅडम कशाला खोटं बोलतील?” दुसऱ्या दिवसापासून त्यांना घरी बसवलं.

मला वाटलं होतं चिडतील, भांडतील, घरी येऊन चार शिव्या घालतील. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. ते आलेच नाहीत.

मागच्या महिन्यात पेठेतल्या औषधाच्या दुकानात भेटले. सोबत लेक होती. तिनंच सांगितलं – आता त्यांना एकट्याला सोडत नाही, गॅसपाशी जाऊ देत नाही, नातवाला शाळेतून आणायचं कामही काढून घेतलं. विसरतात ना, म्हणाली. कारखान्यातलं झाल्यापासून त्यांचा स्वतःवर भरवसाच उरला नाही. दिवा बघितलेला आठवत नाही म्हणजे डोकंच गेलं, असं धरून बसलेत. अण्णा कसनुसं हसले. खिशातून छोटी वही काढली, मी भेटल्याचं लिहून ठेवायला. वही आधी पहिल्या पानावर उघडली. तिथं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं – निळा दिवा. मॅडमनी विचारलं होतं. मी विसरलो.

मी ते वाचलं. “येते, अण्णा,” म्हटलं आणि घरी आले.

मी त्या दिवशी दिवा लावला नव्हता. दिव्याचं विचारलंही नव्हतं. अण्णा काहीही विसरलेले नाहीत.