दुसरी टक

ईईजीच्या खोलीत बारा वर्षं काढली की किस्से आपोआप साचतात. ऐकणारे पोट धरून हसतात. माझं मात्र डोकं फिरतं!

आमच्या बालाघाटच्या दवाखान्यात सध्या एक अभ्यास चालू आहे. डोक्याला वायरी लावायच्या आणि कानात ‘टक-टक’ अशा जोड्या ऐकवायच्या. बहुतेकांचा मेंदू दुसऱ्या टकीला फारशी दाद देत नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांचा मेंदू मात्र दुसरीलाही पहिलीसारखाच दचकतो. एवढंच!

*

लालबर्र्याचे एक काका मुलीला घेऊन आले. तिच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलेलं. वायर चिकटेल कशाला?

“काका, तेल लावू नका म्हणून बजावलं होतं ना?”

“हौ मॅडम. पण मोठ्या डॉक्टरकडे कोरड्या डोक्यानं कशी आणू? लोकं काय म्हणतीन?”

मी तीनदा शाम्पू केला. याच लोकांच्या भीतीनं त्यांनी पोरीला चार वर्षं घरात दडवून ठेवलं होतं.

*

एकदा एक साहेब पाहणीला आले. ‘शांतता राखा’ या पाटीखाली उभे राहून फोनवर ओरडले, “हाँ, पागलों वाले कमरे में हूँ!”

आत बसलेल्या पेशंटनं हेडफोन काढला. “मॅडम, या साहेबायची टेस्ट कधी हाय?”

*

आणि भरवेलीचा धनराज. खाणीत कामाला होता. सहा वर्षांपासून त्याला आवाज ऐकू येतात. सोबत मोठा भाऊ शालिक.

“नाटकं करते हा! कामाचं नाव काढलं का याले आवाज येते. आज टेस्ट झाली का घराबाहेर काढतो याले.”

फाइल चाळत मी विचारलं, “आणि त्याच्या गोळ्या का बंद केल्या?”

“नाटकाले गोळ्या कायले पाह्यजे?”

असा संताप आला! पण अभ्यासाला आजार नसलेली माणसंही लागतात. म्हटलं, “मग तुम्हीच बसा की.”

“हौ, त्यात काय!” शालिकनं ऐटीत फॉर्मवर सही केली आणि खुर्चीत बसला. धनराज भिंतीपाशी स्टुलावर बसून बघत होता.

टक-टक. टक-टक. टक-टक.

पंधराव्या मिनिटाला शालिकनं हेडफोन भिरकावला. “बंद करा हे! डोकं फुटून राह्यलं माह्यं!”

मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात धनराज उठला, भावाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला,

“दम धर भाऊ. तुह्यावालं बंद तरी होते.”