अंगणातला खडक

जबलपूरच्या महाराजपुरातल्या माझ्या बालवाडीच्या अंगणात एक काळा खडक होता. माझ्या खांद्याएवढा उंच, पाठ गुळगुळीत. इथे घर बांधायला जमीन खणली की असले खडक निघतातच. आधीच्या मालकानं तो फोडायचा कंटाळा केला आणि माझं भलं झालं. रोज सकाळचा पहिला तास पोरं बाहेर असायची. शिकवणं नाही, शिट्टी नाही. जो चढेल त्यानं आपलं आपण उतरायचं, एवढाच नियम. मी हात पाठीमागे बांधून खाली उभी राहायचे, कारण ते मेले सारखे पुढे जायचे.

चढायला पाय ठेवण्याजोगी एकच खाच होती. त्यामुळे एरवी कुणाला न जुमानणारी ती टोळी तिथे चक्क रांग लावायची आणि ढुंगणाला खांदा देऊन एकमेकांना वर ढकलायची.

साडेचार वर्षांच्या एका मुलीला त्या खडकाचं वेडच होतं. हाडकुळी, महाहट्टी. गेल्या थंडीत, दगडावर दव असताना ती घसरली आणि हनुवटी आपटली. फ्रॉक रक्तानं भिजला. मी जखम दाबून धरत तिला दवाखान्यात नेलं, टाके पडले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा कारखाना आहे. फाटकाला लाथ घालूनच ते आत शिरले.

"पोरीचं तोंड फुटलं अन् तुम्ही काहून पाहून राहिल्या होत्या, दीदी?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पापा, मुझे चढ़ना है."

खाडकन तिच्या कानाखाली बसली. माझं डोकंच फिरलं. मी त्यांचं मनगट धरलं आणि ओरडले, "माझ्या अंगणात पोरीवर हात उचलायचा नाही!" त्यांनी मला झिडकारलं, कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलली आणि खडकावर घातली. ठिणगी उडाली, सळई हातातून निसटली, खडकाला ओरखडाही आला नाही. हा माणूस आता खडकाला सोडणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

आठवड्याभरात त्यांनी बाकीचे पालक गोळा केले. खडक जाईल, नाहीतर पोरं जातील. पोरं गेली असती तर बालवाडीला कुलूप लागलं असतं. मी हो म्हटलं. ड्रिल त्यांचं, माणसंही त्यांचीच.

आईबाप कामाला जाणारे, त्यामुळे सुट्टी देता येईना. खिडक्या लावून आम्ही आत बसलो. भिंती हादरत होत्या, दाराखालून दगडाची भुकटी आत येत होती, घण पडला की पोरं दचकून रडत होती. ती रडली नाही. तिनं शेजारच्या मुलाच्या दंडाला कडकडून चावा घेतला.

मग अंगणात रबरी चटया आल्या, प्लॅस्टिकची घसरगुंडी आली. आता कुणाला कुणाच्या खांद्याची गरज उरली नाही. ढकलाढकली, ओरबाडे, केस ओढणं. तासभर मी नुसती भांडणं सोडवायचे. खडकाचे तुकडे तिच्या वडिलांनी कुंपणाच्या भिंतीला टेकवून रचले होते, "उद्या गाडी पाठवतो" म्हणून. भिंतीवर चोरांसाठी काचा रोवलेल्या. तुकड्यांपुढे मी दोरी बांधली होती. दोरीला कोण भीक घालतंय!

एका दुपारी ते मुलीला न्यायला आले. मी फाटक उघडत होते, तोच वरून हाक आली, "पापा!" तुकड्यांवरून चढत ती भिंतीच्या माथ्याला पोचली होती. एक पाय पलीकडे, एका हाताचा तळवा काचेवर. रक्त मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. ते धावले आणि त्यांनी हात वर केले.

"हात लावू नका!" मी किंचाळले. "ओढाल तर मांडी फाटेल तिची! तिची ती उतरू द्या!"

ते थांबले. हात तसेच वर. तिनं पलीकडचा पाय जपून अलीकडे घेतला, पालथी वळली, पायाच्या अंगठ्यानं दगड चाचपला. तो हलला. तिनं दुसरा चाचपला आणि एकेक करत खाली आली.

खाली पाय टेकताच तिनं रक्ताळलेल्या मुठींनी वडिलांना मारायला सुरुवात केली. "आपने तोड़ी! मेरी चट्टान आपने क्यों तोड़ी?" त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पोटाशी लाल ठसे उमटत गेले. मी तिला आवरायला पुढे झाले.

"मारू द्या, दीदी," ते म्हणाले, आणि तिचा हात आपल्या तोंडापर्यंत पोचावा म्हणून गुडघे टेकून खाली बसले.