भाऊबीजेच्या ताटातलं बीपी मशीन

माझ्या भाऊजींच्या दोन्ही किडन्या गेल्या, म्हणून माझ्या शाबूत आहेत.

गैरसमज नको. किडनी कुणी कुणाला दिलेली नाही. घडलं तसं सांगतो.

आज भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. भिवंडीजवळच्या पूर्णा गावचे. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मुकादम होते. गावात गोडाऊनं उभी राहिली, जमिनीचे पैसे आले, तरी माणसाने ड्युटी सोडली नाही.

"घरी बसून काय करू, भिंती मोजू?"

कारखान्यात उकाडा काय असतो ते आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बनियन पिळून वाळत घालावी लागते. पण पाणी प्यायचं नाही. प्यायलं की बाहेर जावं लागतं, बाहेर गेलं की मागे धागा तुटतो. तिथली सगळ्यांचीच ही रीत.

कंबर धरली की मेडिकलमधून दुखीची सुटी गोळी घ्यायची, चहाबरोबर गिळायची, परत उभं राहायचं. भाऊजींनी हे वर्षानुवर्षं केलं.

वर शुगर आणि बीपी. दोन्हीच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून मधेच बंद.

पाय सुजले तेव्हा चप्पल घट्ट होते म्हणून एक नंबर मोठी आणली.

डॉक्टर म्हणाले, मुख्य कारण शुगर आणि बीपी. दुखीच्या गोळ्या आणि कमी पाणी यांनी हातभार लावला. भाऊजींची आईसुद्धा अंगावर सूज येऊनच गेली होती. घरच्यांनी तेव्हा बाहेरची बाधा समजली होती.

मग डायलिसिस. ठाण्याला, आठवड्यातून दोनदा.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी आणायचा. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं कसं? पण त्यांच्या आजारात शहाळं म्हणजे विष. त्यात पोटॅशियम असतं, किडनी ते बाहेर टाकू शकली नाही तर हृदय बंद पडू शकतं.

ओटीवर शहाळ्यांचा ढीग, आणि भाऊजींना दिवसभराचं पाणी मोजून.

एकदा त्या ढिगाकडे बघत म्हणाले, "परकास, पानी व्हतं तवा प्यायलो न्हाय. आता घसा सुकतो, तर डाक्टर पिऊ देत न्हाय."

मग मलाच एक शहाळं फोडायला लावलं.

"पी. तुझ्या चालू हायेत अजून."

त्यानंतर त्यांनी नियम काढला. भेटायला यायचं तर आधी ओटीवर बसून बीपी मोजायचं. ताई बॅटरीवरचं मशीन घेऊन बसायची. कारखान्यातले यूपीचे कारागीर आले.

"मुकादम, हम तो आपको देखने आए हैं."

"देखने का बाद में. पयले हात दो."

टाळत होतो तो मी एकटा.

मी मोटार रिवाइंडिंग करतो. आयटीआयची पायरी चढलेलो नाही, जळक्या मोटारी उघडून शिकलो. कुठली मोटार बसणार ते नुसत्या आवाजावरून सांगतो, आजही. शरीराचंही तसंच असणार, असं माझं म्हणणं. आपल्यात बिघाड झाला तर आपल्याला कळणार नाही?

"मोटार तापते, वास मारते," भाऊजी म्हणाले. "किडनीला वास न्हाय. मला कुठं आलता?"

मी हसण्यावारी नेलं.

मग त्या वर्षीची भाऊबीज.

पाटावर बसलो, डोक्यावर टोपी ठेवली. ताईने ताट आणलं. निरांजन, सुपारी, अक्षता, आणि मशीन.

"हे काय?"

"आधी हात दे. मग ओवाळते."

"ताई, सणासुदीला?"

खाटेवरून भाऊजी बोलले, "पाटावरनं तसंच उठायचं न्हाय. अपशकुन व्हतो."

आयुष्यात अपशकुन न मानलेला माणूस हा.

हात दिला. १८०-११०.

"सेल उतरलेत," मी म्हणालो.

"कालच टाकलेत," ताई म्हणाली.

माझ्या पिशवीत मीटर असतोच. पाटावर बसूनच सेल काढले, तपासले. फुल होते. मग ताईचं मोजलं. नॉर्मल. भाचीचं मोजलं. नॉर्मल. परत माझं.

परत तेच.

"झालं का मशीन चेक करून?" भाऊजींनी विचारलं.

ताईने ताट उचललं.

"घरात एक आजारी आहे माझ्या," ती म्हणाली. "माहेरचा पण नको."

मी ओवाळणीचं पाकीट काढायला खिशात हात घातला, तर भाऊजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. उद्या डाक्टरकडं जातो म्हन तिला. तीच ओवाळनी."

म्हणालो. गेलो.

लघवीतून प्रोटीन जायला सुरुवात झाली होती. क्रिएटिनिन अजून हद्दीत होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

त्रास? काहीही नव्हता. ना डोकं दुखलं, ना चक्कर. आवाजसुद्धा नाही.

तेव्हापासून रोज गोळी. मीठ कमी, सुकट बंद, लोणचं बंद. दुखीची गोळी मनाने घेत नाही. रक्त आणि लघवी वेळच्या वेळी तपासतो.

सुकट बंद झाली म्हणून मी कुरकुरलो, तर भाऊजी म्हणाले, "मी पान्यावाचून ऱ्हातो, तू सुकटीवाचून ऱ्हा."



मित्रांनो, शुगर असेल, बीपी असेल, घरात कुणाला किडनीचा आजार झाला असेल, किंवा दुखीची गोळी रोजची झाली असेल, तर बीपी मोजा. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. वास यायची वाट बघू नका.

ताई अजूनही भाऊबीजेला कुंकवाच्या आधी मशीनचा पट्टा बांधते. मी न सांगता हात पुढे करतो. खाट असायची तिकडे दोघंही बघतो.

भाऊजी, तुमच्यामुळे हा हात अजून तिच्या पुढ्यात आहे. तुम्हाला मनापासून नमस्कार.

आज सकाळी मोजलं. १२८-८२.

सेल नवे आहेत.